हर्णैचं बंदर तैलरंगात: होडी पाण्यात बसवायची कशी

बंदराच्या चित्रात पाण्याचा रंग थोडा इकडचा तिकडे झाला तरी चित्र निभावून जातं. होडी पाण्यात बसली नाही तर मात्र आकाश कितीही सुरेख उतरो, ती कागदातून कापून वर चिकटवल्यासारखीच दिसते. नवख्यांच्या दहातल्या आठ चित्रांचं दुखणं हेच असतं. ते सहसा रंगात नसतं; क्षितिजरेषा, पाणरेषा (होडीचं अंग पाण्याला टेकतं ती रेघ) आणि प्रतिबिंब या तिघांत असतं. म्हणून इथे त्या तिघांवर जास्त वेळ घालवू आणि बाकीचं भराभर उरकू.

उदाहरणाला दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर घेऊ. समोर नांगरलेल्या मासेमारी होड्या, मागे समुद्रात सुवर्णदुर्ग, पुढ्यात ओली वाळू, लिलावाची गर्दी आणि माल आणायला पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या. मालवण असो की वर्सोवा, तंत्र हेच.

वेळ आधी ठरवा

कोकण किनाऱ्यावर सकाळचं ऊन जमिनीकडून येतं, संध्याकाळचं समुद्राकडून. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून होड्यांवर पडतं. निळे-लाल-पिवळे पट्टे लखलखीत दिसतात, पण सावल्या होड्यांच्या मागे लपतात आणि चित्र सपाट होण्याचा धोका असतो. संध्याकाळी उलट: होडीची तुमच्याकडची बाजू सावलीत, कडांना उजेडाची किनार आणि पाण्यावर चकाकी. पहिल्या चित्रासाठी संध्याकाळ घ्या, सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधीची. उजेड-सावलीचे मोठे गट आयते मिळतात.

प्रत्यक्ष जागेवर काम करणार असाल तर भरती-ओहोटीचं गणित लक्षात ठेवा. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज पाच वाजता तरंगणारी होडी तीन-चार दिवसांनी त्याच वेळी वाळूवर कलंडलेली सापडेल. तोच उजेड आणि तेच पाणी पुन्हा हवं असेल तर साधारण पंधरा दिवसांनी जा.

फोटोवरून काम करणार असाल तर मोबाइलच्या वाइड लेन्सने काढू नका. जवळच्या होडीचं टोक अवास्तव मोठं होतं, मागचा किल्ला खेळण्याएवढा होतो आणि फ्रेमच्या कडांना सरळ रेषा वाकतात. दुप्पट झूम वापरा. एकाच दृश्याचे तीन फोटो घ्या: एकात आकाश नीट दिसेल असा उजेड, एकात होडीची सावलीतली बाजू नीट दिसेल असा आणि एक मधला. कॅमेरा सावली काळी करून टाकतो. डोळ्याला त्याच सावलीत निळा, हिरवा, तपकिरी सगळं दिसत असतं.

होडीचा आकार शिकायचा तर पावसाळ्यासारखी वेळ नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. एरवी पाण्याखाली असणारा पोटाचा फुगीर भाग, सुकाणू, पंखा सगळं उघडं दिसतं. तेव्हा पेन्सिलने वहीत काढून ठेवलेलं पुढे वर्षभर पुरतं.

सामान

कॅनव्हास 18 × 24 इंच, आडवा. तयार मिळणाऱ्या कॅनव्हासवर जेसोचा (रंगाआधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचा) आणखी एक पातळ हात द्या, वाळला की बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि एक दिवस ठेवा. जेसो फार शोषक राहिला तर तेल खाली ओढलं जातं आणि गडद रंगांवर निस्तेज डाग पडतात.

रंग आठ पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ओकर, कॅडमियम रेड, ॲलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू. पांढरा इतरांच्या तिप्पट लागतो. त्याची मोठीच ट्यूब घ्या. थॅलो ब्लू आणि थॅलो ग्रीन सुरुवातीला घरीच ठेवलेले बरे, मोहरीएवढा थेंब अख्खं पाणी पोहण्याच्या तलावाचं करून टाकतो. काळ्याचीही गरज नाही. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन सारखे घेतले की काळ्याच्या तोडीचा गडद रंग मिळतो. निळा वाढवला की थंड, अंबर वाढवला की उबदार.

ब्रश: राठ केसांचे चपटे 10 आणि 6 नंबर, फिल्बर्ट (गोलसर टोकाचा चपटा) 4, मऊ केसांचा रुंद चपटा एक (फक्त कडा पुसट करायला, तो कोरडाच ठेवायचा) आणि दोरांसाठी लांब केसांचा लायनर. पॅलेट नाइफ, जवसाचं तेल, टर्पेंटाइन. हार्डवेअरच्या दुकानातला टर्पेंटाइन ब्रश धुवायला चालतो. रंगात मिसळायला मात्र चित्रकलेच्या दुकानातला शुद्ध घ्या. खिडकी उघडी ठेवून काम करा.

क्षितिजरेषा: इथे अर्धं चित्र ठरतं

क्षितिजरेषा नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. समजा तुम्ही वाळूच्या चढावर उभे आहात आणि डोळा पाण्याच्या पातळीपासून आठ फुटांवर आहे. तर दृश्यातल्या प्रत्येक होडीला, जवळच्या असो वा लांबच्या, क्षितिजरेषा पाण्यापासून आठ फूट उंचीवरच छेदणार. एकीत ती केबिनच्या खिडकीतून जात असेल तर तेवढ्याच मापाच्या दुसरीतही तिथूनच गेली पाहिजे. जवळच्या होडीत खिडकीतून आणि लांबच्या होडीत डोलकाठीच्या टोकावरून गेली, तर लांबची होडी पाण्यात बुडते आहे किंवा ती लहान मुलाची आहे असं दिसेल.

आता हे कॅनव्हासवर मोजून टाकू. वरच्या कडेपासून 7 इंचांवर क्षितिजरेषा आखा, फूटपट्टीने. ती एका बाजूला सुतभर जरी कलली तरी समुद्र सांडतो. मुख्य होडीची पाणरेषा क्षितिजाच्या खाली 4 इंचांवर धरा. म्हणजे त्या जागी 4 इंच म्हणजे आठ फूट, 1 इंच म्हणजे दोन फूट. होडीची 16 फुटी डोलकाठी 8 इंच होईल: चार क्षितिजाखाली, चार वर. तशीच दुसरी होडी लांब दाखवायची असेल आणि तिची पाणरेषा क्षितिजाखाली 1 इंचावर असेल, तर तिथे 1 इंच म्हणजेच आठ फूट, आणि डोलकाठी फक्त 2 इंचांची. अंदाजाला वावच नाही.

माणसांनाही हाच नियम. पाण्याच्या कडेला उभी असलेली पाच फुटी कोळीण घ्या. तिच्या पायांपासून क्षितिजापर्यंतचं अंतर म्हणजे आठ फूट, म्हणजे तिचं डोकं त्या अंतराच्या आठात पाच भागांवर येईल. तिचं डोकं क्षितिजाच्या वर गेलं तर ती शेजारच्या होडीपेक्षा धिप्पाड दिसते. गर्दीच्या चित्रात ही चूक हमखास होते, कारण माणसं शेवटी आणि घाईत घातली जातात.

होडी काढताना आधी दृश्यानुसार निमुळता होत जाणारा आडवा खोका काढा: लांबी, रुंदी, उंची. खोक्याच्या तळाला मधोमध लांबीची रेघ टाका, तिच्या टोकाला नाळ, म्हणजे पुढचं चोच काढलेलं टोक, वर उचला. काठाची रेघ नाळेकडे सर्वात उंच, मध्ये खोलगट आणि मागे केबिनकडे पुन्हा किंचित चढती असते. होडीचा काठ क्षितिजाच्या खाली असेल तर आतला भाग थोडा दिसायलाच हवा, पलीकडच्या काठाची आतली बाजू एक अरुंद पट्टी म्हणून. काठ क्षितिजाच्या वर असेल तर आतलं काहीही दिसता कामा नये. हे एवढं तपासलं तरी अर्ध्या होड्या सुधारतात.

आणखी एक: नांगरावर उभ्या असलेल्या होड्या वारा किंवा पाण्याच्या ओढीकडे नाळ करून राहतात, म्हणजे साधारण सगळ्या एकाच दिशेला. चित्रात शोभेसाठी एक इकडे, एक तिकडे वळवली की दर्यावर्दी माणूस लगेच हसतो. भरती फिरण्याच्या वेळी त्या थोड्या विस्कळीत असतात, तेवढीच सूट.

रेखाटन कोळशाने करा, जास्तीचा कोळसा कोरड्या फडक्याने झटका, नाहीतर पहिला पांढरा रंग करडा होतो.

पहिला थर

बर्न्ट सिएनात फक्त टर्पेंटाइन घालून चहाइतका पातळ करा आणि फडक्याने कॅनव्हासभर चोळा. रेखाटन त्यातून दिसत राहील. मग बर्न्ट अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन, तेही फक्त टर्पेंटाइनमध्ये, घेऊन उजेड-सावली मांडा. एक (सर्वात गडद) ते दहा (पांढरा) अशी पट्टी मनात धरा. संध्याकाळच्या या दृश्यात आकाश 8, लांबचं पाणी 7, किल्ला 5, जवळचं पाणी 5, होडीची सावलीतली बाजू 3, होडीखालचं प्रतिबिंब 3 ते 4, आतले कोपरे 2. दहा कुठेच नाही. 9 फक्त पाण्यावरच्या चकाकीसाठी राखून ठेवा. आकाशच 9 करून बसलात तर चकाकीला जागा उरत नाही, मग माणूस पांढरा थापत जातो आणि चित्र चुन्याचं होतं. सूर्य चौकटीबाहेरच ठेवा, त्याच्याइतकं तेजस्वी काही ट्यूबमध्ये मिळत नाही.

एक-दोन दिवसांत हा थर वाळतो. अंबर लवकर वाळणारा रंग आहे. यापुढचा नियम सोपा: खाली कमी तेल, वर जास्त. दुसरा थर ट्यूबमधून आला तसा, शेवटचा जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे मिसळून त्यातले काही थेंब घातलेला. उलट केलंत तर वरचा कमी तेलाचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हळूहळू हलत राहतो आणि वर भेगा पडतात. त्या वर्षभराने दिसतात, तेव्हा उपाय नसतो.

आकाश आणि किल्ला

आकाशावर वेळ घालवू नका. वर पांढऱ्याच्या आठ भागांना अल्ट्रामरीनचा एक, खाली येताना निळा कमी करत यलो ओकर आणि कणभर क्रिमझन. थंडीत कोकणातलं आकाश क्षितिजाजवळ धुरकट पिवळसर असतं, तिथे निळा नेऊ नका.

सुवर्णदुर्ग किनाऱ्यापासून जवळ आहे, म्हणून त्याला लांबच्या डोंगरासारखा फिकट निळा करू नका. मागून उजेड असताना तट करडा-जांभळा दिसतो: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, पांढरा आणि क्रिमझनचा स्पर्श. बुरुजांचे चिरे मोजत बसू नका. वरच्या कडेचा चढउतार, दोन-तीन बुरुजांची गोलाई आणि तटाच्या पायाशी पाण्याजवळ थोडी पुसट कड, बस. पायाशी कड धारदार ठेवली तर किल्ला पुढे येऊन होड्यांच्या अंगावर बसतो.

पाणी, होडी आणि प्रतिबिंब एकाच बैठकीत

हे तिन्ही ओल्यात ओलं झालं पाहिजे. आज पाणी आणि पुढच्या आठवड्यात होडी असं केलं की पाणरेषेवर कोरडी कडक कड राहते आणि होडी तरंगायची थांबते. तैलरंग एक-दोन दिवस ओला असतो, पण पाच-सहा तासांत तो चिकट व्हायला लागतो. तेवढ्यात मुख्य होडीभोवतीचा भाग पुरा करा.

पाण्याच्या रंगाचा आधार नजरेच्या कोनात आहे. लांबचं पाणी तुम्ही जवळजवळ आडव्या नजरेने बघता, तिथे आकाशाचं प्रतिबिंब जास्त. पायाजवळ नजर खाली वळते, तिथे पाण्याच्या आतला रंग दिसतो, आणि बंदरात तो गाळामुळे हिरवट-तपकिरी असतो. तरीही क्षितिजाजवळचा समुद्र त्याच्या वरच्या आकाशापेक्षा किंचित गडदच असतो, कारण तिथल्या लाटांची तुमच्याकडे कललेली बाजू जास्त वरचं, गडद आकाश दाखवते. लांबसाठी आकाशाच्याच रंगात थोडा अल्ट्रामरीन आणि सिएना मिसळा. जवळसाठी यलो ओकर दोन भाग, अल्ट्रामरीन एक, बर्न्ट सिएना अर्धा आणि लागेल तसा पांढरा. लांबचे फटके बारीक, आडवे, दाट. जवळचे रुंद आणि विरळ. सगळीकडे सारख्या मापाच्या लाटा काढल्या की पाणी भिंतीसारखं उभं राहतं.

मग होडी. सावलीतली बाजू काळी नको. निळ्या पट्ट्याला अल्ट्रामरीन, अंबर आणि थोडा पांढरा. लाल पट्ट्याला कॅडमियम रेडमध्ये क्रिमझन आणि अंबर. पांढरा पट्टासुद्धा सावलीत 5 च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर उजेड कुठून येतोय तेच कळत नाही. पाणरेषेच्या वर बोटभर रुंदीची ओली पट्टी असते, होडी हेलकावे खाते तेव्हा भिजणारी; ती जास्त गडद, हिरवट आणि जराशी चमकदार. ही पट्टी नसली की होडी कोरडी वाटते.

प्रतिबिंबाचे नियम थोडेच आहेत, पण सवलत नसलेले. वस्तूच्या बरोबर खाली, सरळ कॅनव्हासच्या तळाकडे. ते सूर्याकडे तिरकं जात नाही. तिरकी जाते ती सावली, आणि ती गढूळ पाण्यावरच नीट उमटते. डोलकाठी डावीकडे कललेली असेल तर तिचं प्रतिबिंबही डावीकडेच कलतं. ती तुमच्या दिशेने कललेली असेल तर प्रतिबिंब प्रत्यक्ष काठीपेक्षा लांब दिसतं, पलीकडे कललेली असेल तर आखूड. उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्याहून किंचित गडद, गडद वस्तूचं किंचित उजळ. आणि प्रतिबिंब म्हणजे होडीची उलटी नक्कल नव्हे: पाणी होडीकडे खालून बघतं, त्यामुळे त्यात काठाची खालची बाजू जास्त दिसते आणि आतला भाग अजिबात दिसत नाही.

हाताने करायचं ते असं. 10 नंबरच्या ब्रशवर होडीचाच रंग थोडा मळवून घ्या, पाणरेषेपासून खाली उभे फटके ओढा. ब्रश पुसा. मग पाण्याच्या रंगाचे दोन-चार आडवे फटके त्यातून काढा, पाणरेषेजवळ कमी, खाली जाल तसे जास्त. शेवटी कोरडा मऊ ब्रश एकदाच आडवा, अगदी हलका. दोनदा, तीनदा फिरवलात की सगळं मिसळून चिखल होतो. लहान लाटांच्या पाण्यात प्रतिबिंब खाली लांबतं, पण बाजूला रुंदावत नाही. ते होडीपेक्षा रुंद झालं असेल तर खरवडून काढा. पॅलेट नाइफने खरवडणं हा कमीपणा नाही, ओल्या रंगाचा तोच फायदा आहे.

मुख्य होडीची डोलकाठी 8 इंच आणि पाणरेषेखाली जागा फक्त 7 इंच, म्हणजे प्रतिबिंबाचं टोक चौकटीबाहेर जाणारच. ते मावावं म्हणून आखूड करू नका. खालच्या 3 इंचांत ओली वाळू आहे. तीही आकाश आणि होडी दाखवते, फक्त जास्त पुसट आणि तपकिरी. कोरडी वाळू सुरू होते तिथे प्रतिबिंब तुटतं.

माणसं, दोर, चकाकी

हे सगळं वाळल्यावर, पाच ते सात दिवसांनी. माणसांना चेहरे नकोत. डोकं, खांद्याची रेघ, लुगड्याचा एक रंग, डोक्यावरची पाटी. गट करा: सात-आठ माणसांचा एक घोळका लिलावाभोवती, दोघं वेगळी, एक बैलगाडी पाण्यात. सारख्या अंतरावर उभी केलेली माणसं रांगेत उभी वाटतात.

दोरासाठी लायनरमध्ये तेल-टर्पेंटाइन घातलेला पातळ रंग भरा, हाताला आधार म्हणून काठी धरा आणि एका दमात ओढा. ताण नसलेला दोर स्वतःच्या वजनाने मध्ये झुकतो; नांगराचा दोर ताणलेला असतो तेव्हाच सरळ. प्रत्येक दोर काढू नका. दिसतात त्यातले निम्मे पुरतात आणि तेही सलग नकोत, मध्येच हरवू द्या.

चकाकी सूर्याच्या बरोबर खालच्या उभ्या पट्ट्यातच असते, अख्ख्या समुद्रावर नाही. पांढऱ्यात लेमन यलोचा कण, रंग जाडसर, नाइफच्या कडेने आडवे ठिपके. लांब ते दाट आणि बारीक, जवळ विरळ. होडीच्या काठावर आणि बैलांच्या पाठीवर त्याच रंगाची एखादी किनार.

वाळवणं आणि वार्निश

कामाच्या मध्येच एखादा गडद भाग मेणचट-निस्तेज झाला तर रंग चुकला समजून तो वाढवू नका. वाळलेल्या जागी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळून जास्तीचं लगेच पुसून घ्या, मूळ गडदपणा परत येतो.

चित्र वाळताना भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळतं. उजेड हवा, थेट ऊन नको. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या कॅनव्हासला मागून बुरशी धरते, तेव्हा भिंतीपासून दोन बोटं पुढे, हवेशीर टांगा. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

अंतिम वार्निश सहा महिन्यांच्या आत नको. नाइफने जाड रंग लावलेल्या चकाकीला तर वर्षभर लागतं. नख हलकेच दाबून पाहा, रंग दबला तर थांबा. तोवर प्रदर्शनात द्यायचंच असेल तर रिटचिंग वार्निशचा (तात्पुरत्या, हलक्या वार्निशचा) एक पातळ हात चालतो. वार्निश पावसाळी दमट दिवशी लावलं तर वर पांढुरकी झाक येते, म्हणून कोरडा दिवस बघा, चित्र आडवं ठेवा, रुंद ब्रशने एका दिशेने एक हात द्या आणि धूळ बसू नये म्हणून दिवसभर वर पुठ्ठा आडोशाला धरून ठेवा.